कार्तिकातला बहर

तोंडात ब्रश आणि डाव्या हातात फोन अशी मोरीपाशी उभी असताना प्रेमलताला आपल्याच परसातलं संत्र्याचं झाड फोनमध्ये दिसलं आणि तोंडातला फेस तिनं चुकून गिळून टाकला. बातमी हिंदीत होती, पांढुर्ण्यातल्या सगळ्या बातम्यांसारखी. वर ठळक अक्षरांत 'उम्मीद के फूल'. खाली झाड, पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडलेलं. झाडाखाली खाटेवर तिचा नवरा चिंधू, अंगात स्वेटर, तोंडभर हसू. आणि मागे तिच्याच कंपाउंडची भिंत. त्या भिंतीवर शेजारच्या पल्लवीनं गल्लीतल्या बायामाणसांना हाताशी धरून पाखरं, जाम नदी आणि हंडाभर फुलं रंगवली होती. बातमी कोणी गल्लीतल्यानं पाठवली नव्हती, पुण्याहून डिंपलनं पाठवली होती, तिच्या पोटच्या पोरीनं. रोज सकाळी ती आईला एक 'गोड बातमी' पाठवायची, तशीच. आज तिला गोड बातमी म्हणून आईचंच घर सापडलं होतं. सोबत लाल बदाम होते, आणि लिहिलं होतं, 'आई, आपलं झाड! बाबा किती छान दिसून राहिले!' प्रेमलतानं चूळ भरली आणि ती इतक्या जोरात थुंकली की मोरीतलं मांजर उठून भिंतीवर गेलं, रंगवलेल्या पाखरांच्या डोक्यावर.

या गोड बातम्यांचा तिला उबग आला होता. वर्षभरापूर्वी डिंपलचं लग्न मोडलं, पोरगी झोपेना, जेवेना, तेव्हा कोण्या मैत्रिणीनं तिला फोनवरच्या एका ग्रुपात घातलं. तिथं फक्त चांगल्या बातम्या. कुठल्याशा गावानं आटलेलं तळं खोदलं आणि करकोचे परत आले. कुठल्याशा तुरुंगात कैद्यांनी भिंती रंगवल्या. कुठं म्हाताऱ्या बायांनी वाजंत्रीचं पथक काढलं. 'आई, हे वाचलं की मला झोप येते,' असं डिंपल म्हणाली होती, म्हणून प्रेमलता गप्प बसत होती. पण मनात तिचं तोंड बंद नसायचं. करकोचे आले, ठीक आहे. त्यांची घाण कोण काढतं? म्हाताऱ्या ढोल वाजवतात, तर घरी भाकरी कोण थापतं? जग असं एका वाक्यात सुधारतं, हे वाचून तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच यायचा, कारण त्या बातमीखाली रोज सकाळी ती स्वतःही एक गोड बातमी लिहून पाठवायची. 'बाबा मजेत. आराम पडून राहिला.' नागपूरच्या डॉक्टरनं तिला आत बोलावून, चष्मा काढून, अगदी मऊ आवाजात सांगितलं होतं, 'घरी घेऊन जा. त्यांना आवडेल ते खाऊ घाला.' तो मऊ आवाज तिला आजही चावत होता. त्या माणसानं खेकसून सांगितलं असतं तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं. चिंधू बाहेर बाकड्यावर बसून समोरच्या बाईच्या पोराला नाण्याची जादू दाखवत होता. ती बाहेर आली आणि म्हणाली, 'लिवरची सूज हाय. उतरते म्हनून सांगतलं.' आणि पुण्याला तेच कळवलं. पोरगी आत्ता कुठं झोपायला लागली होती.

आणि मग हे झाड फुललं. आवळीपूजनाच्या सुमाराला पहिली कळी दिसली आणि आठवड्यात पान दिसेनासं झालं. आता संत्र्याच्या मुलखात दोनच बहर. थंडी सरताना अंबिया, नाहीतर मृगाला मृग. कार्तिकात झाड फुलत नाही. फुललं तर त्याचा एक अर्थ असतो, आणि तो अर्थ सौंसर-पांढुर्ण्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. प्रेमलता तर मोहगावच्या बगीच्यात वाढलेली. आठ-नऊ वर्षांची असेल. हिवाळ्याच्या तोंडाशी बगीच्यातलं एक झाड असंच फुललं होतं, आणि ती धावत, ठेचा खात, घरी सांगायला गेली होती. बाबा, बाबा, आपल्या झाडाले फुलं आले! बाबा आले, त्यांनी फुलाकडे पाहिलंच नाही. वाकून एक पान तोडलं, उलटं केलं, उजेडाला धरलं. 'फूल नोको पाहू, पोरी. पान पाह्य,' ते म्हणाले. 'मराले टेकलं का संत्रं असं फुलते. जाता जाता सारं देऊन टाकते बापा.' मग त्यांनी घरातल्या सगळ्या बायांना बोलावलं आणि झाडाची फुलं ओरबाडून काढायला लावली. फूल ठेवलं तर झाड त्यातच सगळं बळ घालतं. फूल काढलं तर बळ मुळाशी राहतं, झाड कदाचित तगतं. दिवसभर त्या फुलं ओरबाडत होत्या. प्रेमलताच्या हाताला तो वास पुढं कितीतरी दिवस होता, जेवताना सुद्धा, आणि घास कडू लागायचा. एवढं सगळं तिला आठवत होतं. आईच्या लुगड्याचा रंग आठवत होता. पण ते झाड पुढं वाचलं की नाही, हेच आठवत नव्हतं. गेले कितीतरी दिवस ती भाजी चिरताना, केर काढताना, चिंधूचं अंग पुसताना तेच आठवायचा प्रयत्न करत होती, आणि दर वेळी ओरबाडलेल्या फुलांच्या ढिगापाशी येऊन आठवण तुटत होती.

कारण झाडाबरोबर चिंधूही फुलला होता. तेच तर तिला सहन होत नव्हतं. दोन महिने जो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो अचानक एका सकाळी उठून बसला आणि म्हणाला, 'भरीत कर वं आज. मिरची जास्त घाल.' खाल्लं, पुन्हा मागितलं. खाट बाहेर टाकायला लावली. वीज मंडळातले जुने सोबती आले तर त्यांना खांबावर चढल्याचे, पडल्याचे, साहेबाला शॉक बसल्याचे किस्से सांगून हसवलं. पल्लवी भिंत रंगवायला लागली तेव्हा हातात ब्रश घेऊन त्यानं एक वाकडंतिकडं पाखरू काढलं. ते पाखरू कोंबडीसारखं दिसत होतं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. प्रेमलता दारातून ओरडली, 'निजा आता. बळ संपवून राहिले उगाच.' सगळे हसले. तिला काय म्हणायचं होतं ते कोणाला कळलं नाही. की कळलं होतं? हा प्रश्न तिला जास्त छळत होता. या गल्लीत निम्म्यांचे आजे-पणजे संत्र्यातच मेले. तिगावकडे, लोधीखेड्याकडे अजून त्यांचे बगीचे आहेत. त्यांना कार्तिकातल्या फुलाचा अर्थ माहीत नाही? माहीतच असणार. म्हणजे हे सगळे समजून-उमजून तिच्या दारात येऊन फोटो काढत होते, आणि तिच्या पाठीमागे चुकचुकत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारणारं हे गाव. ते तरी बरं होतं. गोटा निदान समोरून येतो.

दुपारी पल्लवी आली. शाळेत चित्रकला शिकवणारी, केसांना रंग लागलेला, सदा घाईत. पोरगी वाईट नव्हती, हेच वाईट होतं.

'काकू, बातमी पाहिली ना? भोपाळपर्यंत गेली आपली गल्ली,' ती म्हणाली. 'संध्याकाळी झाडाखाली छोटासा कार्यक्रम ठेवून राहिलो आम्ही. तुमचं भजनी मंडळ, आमच्या विहारातल्या बाया, दोन्ही गातील. पोहे आम्हीच करतो. काकांच्या हातानं दिवा लावू.'

'काहून?' प्रेमलता म्हणाली.

'काहून म्हणजे? सगळ्यांना किती बरं वाटून राहिलं पाहा ना. काकांना किती फरक पडला. लोकं म्हणतात, झाड अन् काका सोबतच सुधारले.'

'लोकं म्हणतात.'

'काकू, तुम्ही खूश नाही का?'

प्रेमलतानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तरणंताठं, स्वच्छ तोंड. या तोंडावर एक वाक्य फेकून मारलं की ते फुटेल, एवढं तिला दिसत होतं, आणि फेकायची इच्छा जिभेपर्यंत आली होती. पण खाटेवर चिंधू डोळे मिटून पडला होता आणि त्याला झोप लागली होती की नाही याचा भरवसा नव्हता. 'माझं डोकं दुखते,' ती म्हणाली. 'जे करायचं थे करा.' पल्लवीनं जाताना झाडाचा एक घोस हळूच नाकाशी ओढला आणि सोडून दिला. खाली पानं पडली. फुलं नाही, पानं. पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेली. पल्लवीच्या चपलेखाली ती वाजली. तिनं खाली पाहिलं नाही.

प्रेमलतानं पाहिलं, आणि तिच्या डोक्यात काहीतरी सटकलं. संध्याकाळी इथं माणसं जमणार. दिवा लागणार. चिंधू उठून बसणार, हसणार, गाणार सुद्धा, त्याला गायची हौस. सगळं बळ एका संध्याकाळी सांडून टाकणार आणि लोक टाळ्या वाजवणार. आणि उद्या सकाळी पुण्याच्या फोनवर पुन्हा गोड बातमी. नाही. ओरबाडायचं. सगळं ओरबाडून काढायचं. बाबांनी काढलं होतं तसं. न्हाणीमागे फळं ओढायची आकडी पडली होती, लांब बांबू आणि टोकाला लोखंडी आकडा. ती तिनं उचलली आणि पदर खोचला. पहिल्या फटक्यालाच फुलांचा सडा पडला. दुसऱ्या फटक्याला मधमाश्या उठल्या. तिसऱ्यानंतर ती मोजत नव्हती. फांद्या मोडत होत्या, डोळ्यांत कचरा जात होता, काटे हाताला लागत होते. वास दाट होत गेला. कोणाचा तरी राग तिच्या दंडांत उतरला होता. डॉक्टरचा, करकोच्यांचा, त्या म्हाताऱ्यांच्या ढोलांचा, जावयाचा, झाडाचा. मोडकं झाड, मरायचं तर गुपचूप मर की. नटून कशाला मरतंस!

'काकू! काकू, काय करून राहिल्या तुम्ही!' पल्लवी धावत आली. तिच्या मागे बाया आल्या, रिक्षावाला विनोद आला, कोणीतरी फोन वर धरला. 'नजर लागली म्हनून पाडून राहिल्या असतीन,' एक बाई दुसरीला म्हणाली. 'डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या,' दुसरी म्हणाली. बिचारी हा शब्द प्रेमलतानं ऐकला आणि ती आकडीसकट त्यांच्याकडे वळली.

'तुमाले मालूम नाई का?' तिचा आवाज फाटला. 'अं? तुमच्या बापायनं बगीचे नाई केले का? विनोद, तू तं तिगावचा. तुह्या घरी पाचशे झाडं हायेत. सांग ना या पोरीले, कार्तिकात संत्रं फुललं का काय होते थे! सांग!'

विनोदनं मान खाली घातली. फोन वर धरलेला हात खाली गेला नाही. बाया एकमेकींकडे बघेनाशा झाल्या. म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. एकट्या पल्लवीचंच तोंड कोरं होतं, आणि आता तेही हळूहळू भरत होतं. तिनं झाडाकडे पाहिलं, मग खाटेकडे, आणि तोंडावर हात ठेवला. प्रेमलताला वाटलं होतं की हे घडलं की तिला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

'कायले मारतं वं त्याले?'

चिंधू उठला होता. भिंतीचा आधार घेत, कार्यक्रमासाठी पल्लवीनं आज पुन्हा दिलेल्या ओल्या रंगाला हात लावत, तो एकेक पाऊल टाकत येत होता, आणि त्याच्या मागे भिंतीवरच्या नदीत त्याच्या पंजाचे ठसे उमटत होते. कोणीतरी धरायला पुढं झालं, त्यानं त्याला हातानंच थांबवलं. झाडाच्या बुंध्याला टेकून तो उभा राहिला. धाप लागली होती. डोळ्यांचं पांढरं आता पांढरं उरलं नव्हतं, उन्हात ते तिला स्पष्ट दिसलं.

'मी लोधीखेड्याचा हावो,' तो म्हणाला. 'मले का समजत नाई?'

'मंग बोलले काहून नाई?'

'तू बोलली का मले, नागपूरले डॉक्टर काय म्हनला थे?'

 प्रेमलताच्या हातातली आकडी जड झाली. तिला आठवलं, नागपूरहून येताना गाडीत तो खिडकीबाहेर पाहत बसला होता आणि तिगाव मागे पडल्यावर एकदाच म्हणाला होता, 'आलं आपलं गाव.' तेव्हापासून त्याला माहीत होतं. भरीत मागितलं तेव्हा माहीत होतं. कोंबडीसारखं पाखरू काढलं तेव्हाही माहीत होतं. ती एकटी सगळं पोटात घेऊन फिरत होती, आणि तो त्याच अंगणात, त्याच खाटेवर, तेच पोटात घेऊन हसत होता. तिला त्याचा असा संताप आला की हातात आकडी नसती तर तिनं त्याला मारलंच असतं.

'फुलं तोडले का झाड वाचते,' ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. 'बळ मुळाशी राहते. आमच्या बाबानं...'

'तुह्या बाबाच्या बगीच्यातलं वाचलं होतं का?'

 तिनं पुन्हा शोधलं. फुलांचा ढीग, आईचं लुगडं, कडू घास. पुढं काही नाही.

'नाई वाचलं,' चिंधू म्हणाला. 'तूच सांगतलं होतं मले, लगन झालं त्या साली. होळीच्या आंधी तोडून चुलीत घातलं तुमी. त्या लाकडाच्या धुराले बी वास येत होता, असं म्हनली होती तू. अन् रडली होती.' त्यानं श्वास घेतला. 'फुलं बी गेले अन् झाड बी. राहू दे ना, प्रेमा. मले वास येऊन राहिला होता दिवसभर. बरं वाटत होतं.'

तिनं आपली आठवण त्याच्याजवळ कधी ठेवायला दिली होती, हेही ती विसरली होती. आणि त्यानं ती सांभाळली होती, धुराच्या वासासकट. आता त्याच्यानंतर ती कोणाकडे मागायची?  ती सड्यावरच मटकन खाली बसली. पल्लवी जवळ येऊन बसली. काही बोलली नाही, त्याबद्दल प्रेमलतानं तिला मनातल्या मनात थोडं माफ केलं. विनोदनं चिंधूला धरून खाटेवर टेकवलं आणि खाट झाडाखाली सरकवली. बाया पांगल्या नाहीत. एकीनं खराटा आणला आणि पडलेली पिवळी पानं बाजूला करायला लागली, फुलं तशीच ठेवून.

तेवढ्यात फोन वाजला. डिंपल. कोणीतरी फोन वर धरला होता तो काही उगाच नव्हता, पाहता पाहता झाड झोडपल्याचा व्हिडिओ पुण्याला पोहोचला होता. प्रेमलतानं फोन कानाला लावला. आता ओरडेल, आई तू असं कसं केलं म्हणेल, त्या बदामांचा हिशेब मागेल. उत्तरंही तिनं तयार ठेवली, सगळी टोचणारी. पण तिनं तसलं काहीच विचारलं नाही. मागे ऑफिसातला कसलासा गोंगाट होता.

'आई,' डिंपल म्हणाली.  मग अगदी हळू, लहानपणी अंधारात हाक मारायची तसं, तिनं विचारलं, 'पानं कशी आहेत?'

 फूल नोको पाहू, पान पाह्य. या पोरीला मोहगावच्या बांधावरून कडेवर घेऊन फिरताना तिनंच हे शिकवलं होतं. पोरगी रोज फुलं पाठवत होती आणि तिला वाटत होतं, हिला फुलंच दिसतात. तिनं मान वर केली. झाडाखाली चिंधू पडला होता, हात पोटावर, तळव्याला निळा रंग, आणि तो तिच्याकडेच पाहत होता. बाबा मजेत, हे दोन शब्द जिभेवर तयार होते, रोजच्या सवयीनं.

'पिवळी हायेत,' ती म्हणाली. 'तू आजच निघ, बाई.'

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 'निघते,' डिंपल म्हणाली आणि फोन ठेवला. ती रडली असेल तर ते फोन ठेवल्यावर.

'काय म्हनते पोट्टी?' चिंधूनं विचारलं.

'येऊन राहिली.'

'पाह्य,' तो म्हणाला आणि सकाळी फोटोत होता तसा हसला, 'आता ही झाली चांगली बातमी.'

तिला त्याला काहीतरी तिखट बोलायचं होतं. सुचलंही होतं. पण कोपऱ्यावर कोणीतरी माईक तपासायला लागलं, हॅलो, हॅलो, आणि ते वाक्य राहून गेलं. खालच्या फांद्या तिनं झोडपून काढल्या होत्या, त्यांना आता नुसते काटे उरले होते. वर मात्र, जिथं आकडी पोहोचली नव्हती, तिथं झाड अजून पांढरं होतं. प्रेमलता गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं आकडी उचलली तशी पल्लवी दचकून पुढं आली, पण विनोदनं तिला थांबवलं. टाचा उंचावून प्रेमलतानं सगळ्यात वरच्या, सगळ्यात भरलेल्या फांदीला आकडा अडकवला आणि ती फांदी हळूहळू वाकवत चिंधूच्या तोंडापर्यंत खाली आणली. त्यानं डोळे मिटले. भजनाच्या बाया आल्या, विहारातल्या बाया आल्या, कोणीतरी दिवा लावला. तिचे दंड भरून आले, तरी ती फांदी धरून उभी राहिली.